मुकं कथील

ज्यांच्या घरी माझ्या हातची कल्हई झालेली भांडी आहेत, त्यांनी हे बसून वाचावं. उभ्यानं वाचू नये. आणि वाचता वाचता उठून स्वयंपाकघरात पळू नये, कारण ती कल्हई घासून घासून केव्हाच गेली असेल. कल्हई काही जन्माची नसते. भीती मात्र असते.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका बोळात मी चव्वेचाळीस वर्षं कल्हई केली. गावात मला सगळे ‘कल्हईवाली खाला’ म्हणतात. खरं नाव रेशन कार्डावर आहे, तिथंच बरं आहे. अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, “खाला, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा.” गमती पुष्कळ आहेत. एक निवृत्त जमादार आपली दातांची कवळी घेऊन आले होते, म्हणाले, “हिला चांदीसारखी करून दे, जावयाच्या लग्नात हसायचंय.” जावयाचं दुसरं लग्न होतं, ती गोष्ट निराळी. एक बाई दर महिन्याला एकच पळी घेऊन यायची आणि सासूची निंदा संपेपर्यंत पळी भट्टीवरून काढू द्यायची नाही. असल्या गमतींवर सबंध अंक भरेल. पण मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात गंमत कमी आहे. जेवढी आहे तेवढी माझ्या मूर्खपणाची आहे, ती फुकट घ्या.

आधी धंदा समजून घ्या. तांब्यापितळेला आंबट चालत नाही. ताक, चिंच, टोमॅटो, आमसूल, काही ठेवा, पदार्थ कळकतो, हिरवट होतो, आणि खाणारा ओकून ओकून अर्धा होतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ पदर चढवायचा. हीच कल्हई. भांडं वाळूनं, चिंचेनं घासून लख्ख करायचं, भट्टीवर लाल व्हायच्या बेताला येईपर्यंत तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठतो, डोळे चुरचुरतात, त्या धुरातच कथलाची कांडी भांड्याला टेकवायची. कथील वितळलं की कापसाच्या बोळ्यानं गरागरा फिरवायचं. क्षणात काळं भांडं आतून चांदणं होतं. मग पाण्यात बुडवायचं. चर्र! त्या आवाजासाठी बोळातली पोरं शाळा बुडवायची.

हे मला आमच्या घरच्यांनी शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा मी अठराची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कथलाची कांडी माझ्या कानाजवळ धरली आणि हळूच वाकवली. आतून कुरकुर आवाज आला, म्हातारीच्या गुडघ्यातून येतो तसा. मी हसत सुटले. नवरा कानात काहीतरी गोड बोलेल म्हणून मी कान पुढं केला होता.

“हसू नको, ऐक,” ते म्हणाले. “खरं कथील वाकवलं की रडतं. शिसं रडत न्हाई. शिसं मुकं असतं. त्याच्यात शिसं किती मिसळलं, ते त्याच्या रडण्यावरनं कळतं. कांडी वाकवल्याबिगर भट्टी पेटवायची न्हाई.”

“अन् शिसं गेलं भांड्यात तर काय होतं?”

“लगेच काहीच होत न्हाई. तेच तर वाईट हाय.”

ते गेले, भट्टी माझ्याकडे आली. मी रोज कांडी वाकवायची. मग गिऱ्हाईक आटलं. स्टील आलं, नॉनस्टिक आलं, लोकांनी पितळ मोडीत घातलं. आठवड्याला दोन भांडी यायची, तीही देवाची.

आणि मग मोबाईल आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. कुठून कुणास ठाऊक, सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम सुरू झालं की पितळेच्या भांड्यात शिजवलेलं खाल्लं की शंभर रोग जातात. माळ्यावरची भांडी खाली आली. माझ्या बोळात रांग लागली. तेव्हा मी तरुण होते. सत्तावन्न वर्षांची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

भाता काढून मी बिजलीचा ब्लोअर बसवला. पाटी रंगवून घेतली. धुरासाठी म्हणून काळा चष्मा घेतला आणि तो घालून भाजी आणायलाही जायला लागले. श्रावणात औशाच्या महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. जांभळी साडी नेसून, चष्मा डोक्यावर चढवून मी माईकसमोर उभी राहिले आणि सांगितलं, “बायांनो, ॲल्युमिनियम सोडा, पितळ जोडा! पोरांची तब्येत तुमच्या पातेल्यात हाय!” टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई मला ‘आरोग्यदूत’ म्हणाल्या. मला गुदगुल्या झाल्या. यमाकडून येतात तेही दूतच असतात, हे तेव्हा सुचलं नाही.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या महानंदाक्कांनी. औशाच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान. लिंगायत घर, गळ्यात लिंग, आवाज असा की दुकानातल्या मिरचीलाही ठसका लागावा. दुसऱ्याच दिवशी टेम्पो करून त्या माझ्या दारात. ताकाचं पातेलं, वरणाचं पातेलं, दुधाचा गंज, दोन पराती आणि एक मोठी तांब्याची घागर.

“खाला, समद्याला कल्हई कर. आजपासून आमच्या घरात स्टील बंद. आमच्या चिमीला पितळेतलंच देणार हाय मी.”

चिमी म्हणजे त्यांची नात. चार वर्षांची. टेम्पोत पातेल्यात बसून आली होती आणि उतरायला तयार नव्हती.

काम वाढलं तसं कथील जास्त लागायला लागलं. आमचं कथील नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडून यायचं, कांड्यांच्या रूपात. त्या श्रावणात त्यानं सुपारीएवढे तुकडे पाठवले. “खाला, कांडी यायची बंद झाली. माल तोच हाय, आकार दुसरा.” आता सांगा, सुपारी वाकवायची कशी? माझ्या धंद्यात जी एक परीक्षा होती ती कांडीची होती. कांडी गेली, परीक्षा गेली. तुकडे वितळवून कांडी ओतता आली असती. अर्ध्या तासाचं काम. पण दारात रांग होती आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता.

पहिला तुकडा भांड्याला लावला आणि मी खूश झाले. इतकं मऊ कथील मी बघितलं नव्हतं. टेकवलं की वितळलं, बोळा फिरवला की तुपासारखं पसरलं. आधी ज्या भांड्याला हात दुखेपर्यंत घासावं लागे, ते दोन फेऱ्यांत झळकलं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझा हात तयार झाला! एकोणचाळीस वर्षं कल्हई केल्यावर, एका सकाळी, अचानक. मी बोळभर सांगत सुटले. असं माणूस मी होते.

श्रावण, पोळा, दसरा, दिवाळी. मी त्याच तुकड्यांनी कल्हई करत राहिले.

लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. बाहेरच्यांना सांगते, त्या दिवशी अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, तिच्यात पूजा मांडतात, आणि जो येईल त्याला पालेभाज्यांची भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, आंबवून केलेलं पातळ पेय. दोन-दोन दिवस आंबवतात, जितकी आंबट तितकी चांगली. ती मातीच्या बिंदगीत, म्हणजे मडक्यात, ठेवायची रीत. महानंदाक्का मला दरवर्षी बोलवायच्या.

येळवसच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, समोरच्या दुकानातला माणिक मिस्त्री माझ्याकडे आला. तो ट्रॅक्टर-जीपचे रेडिएटर डागतो, म्हणजे गळकी जागा धातू वितळवून बुजवतो. सकाळी त्याचा डागायचा माल संपला म्हणून तो माझ्याकडून कथलाचे दोन तुकडे घेऊन गेला होता.

“खाला, तुमच्या कथलानं काम झकास झालं,” तो म्हणाला. “आमच्या मालासारखंच चालतंय की!”

“मग? खालाचा माल हाय.”

“न्हाई खाला, तसं न्हाई.” तो डोकं खाजवायला लागला. “तुमचं कथील आजवर मी लई डाव वापरलं. ते इतक्या लवकर वितळत न्हाई. हे तर आमच्यावानी वितळलं. आमच्या मालात निम्मं शिसं असतंय.”

मी त्याला शिवी दिली. छापता येणार नाही. तो गेला. मग मी दहा-बारा तुकडे लोखंडी पळीत घातले, वितळवले, आणि दुकानातला एक लोखंडी अँगल उलटा ठेवून त्याच्या खोबणीत ओतले. गार झाल्यावर बोटभर जाड कांडी निघाली. ती कानाशी धरून वाकवली.

आवाज नाही.

रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होती. त्यामुळे ऐकू आलं नसेल म्हणून मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं, पंखा बंद केला. पुन्हा वाकवली. उलटी वाकवली. ती ओल्या कणकेसारखी वाकत गेली आणि गप्प राहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या मागच्या बाजूवर ती ओढून बघितली. पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली. कथलाची अशी उठत नाही.

मी जमिनीवर बसले. डोळ्यांपुढून माणसं नाही गेली, भांडी गेली. आमच्या धंद्यात नाव लक्षात राहत नाही, भांडं राहतं. कानाजवळ पोचा आलेली परात. तळाला कोरलेल्या नावातलं ‘सौ. कां.’ एवढंच उरलेला गंज. अंगणवाडीच्या बाईंचं खिचडीचं पातेलं. ते आठवल्यावर मी तोंडात पदर कोंबला. आणि मग आठवली अक्कांची घागर.

मी फोन लावला.

“बोल गं खाला! लौकर बोल, हात पिठात हायत.” मागं बायकांचा कालवा.

“अक्का, आंबील कशात केली?”

“अगं तुझ्याच घागरीत! बिंदगी फुटली काल सकाळी. म्हनलं, बरंच झालं, घागर हाय की कल्हईची. कालपासनं आंबवून राहिली. काय वास सुटलाय! चिमीनं आत्ताच वाटीभर चाटून खाल्ली. उद्या ये लौकर.”

आणि फोन ठेवला.

मला पुन्हा लावता आला असता. एक वाक्य होतं: अक्का, ती ओतून दे. चार शब्दांचं वाक्य. मी फोन हातात धरून बसले. कारण त्या वाक्यामागून दुसरं वाक्य यायला हवं होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. मी स्वतःला सांगितलं, फोनवर अशी गोष्ट सांगू नये, समोर जाऊन सांगावी. किती शहाणी बाई! जांभळ्या साडीतली आरोग्यदूत!

येळवसच्या सकाळी लातूर कर्फ्यू लागल्यासारखं असतं. दुकानं बंद, रस्ते ओस. माणिक मिस्त्रीनं मला फटफटीवर मागं घेतलं. तोही घाबरला होता, जणू सांगून त्यानंच ते शिसं घातलं. वाटेवर मी एक थाप तयार केली. थापा मारण्यात मी लहानपणापासून हुशार. अक्काला सांगायचं, घागरीच्या बुडाला चीर आहे, गळेल, दे इकडं. घागर घ्यायची, बाकीची भांडी ‘नव्यानं चमकवून देते’ म्हणून घ्यायची, खऱ्या कथलानं करून द्यायची. कुणाला काही कळणार नाही. थाप इतकी छान बसली की औशाच्या अलीकडच्या बुधोड्यापर्यंत माझ्या छातीची धडधड थांबलीसुद्धा.

आम्ही पोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. पुरुष शेतातून आंबील शिंपत “ओलगे ओलगे, सालम पोलगे” ही येळवसची आरोळी ठोकत फिरत होते. हरभरा गुडघ्याला आला होता. तीसेक माणसं. पेले वाटायला नुकती सुरुवात झाली होती.

“आली गं माझी खाला!” अक्कांनी मला मिठी मारली आणि पेला हातात दिला. “घे. पहिला मान तुझा. तुझ्याच कल्हईची हाय.”

पेला थंड होता. वास असा की तोंडाला पाणी सुटावं. मी पेला धरून उभी, थाप जिभेवर तयार, आणि नजर गेली कोपेच्या सावलीत. चिमी आईच्या मांडीवर आडवी पडली होती. शेतात एवढी पोरं हुंदडत होती आणि ही पोटाशी पाय घेऊन. तोंड कागदासारखं.

“तिला काय झालं?”

“काय की बाई. म्हैनाभर झालं, पोट दुखतंय म्हणती. जंताचं औषध झालं. आज भज्जीला शिवली न्हाई. खाती काय, तर माती. भिंतीचे पोपडे खाती, सटवी.” अक्का हसल्या. “पितळेतलं खाऊन असं करती म्हणजे बघ!”

माझी थाप मेली. मी पेला जमिनीवर ठेवला.

“अक्का, सगळ्यांना पेले खाली ठेवायला सांग.”

“कामून?”

“आधी सांग. मग विचार.”

माझ्या आवाजात काहीतरी असावं. अक्कांनी आपला तो आवाज लावला आणि शेतातलं ओरडणं थांबलं. लोक पेले धरून बघायला लागले. मी सांगितलं. कथलात शिसं होतं, अर्धं. आंबटात ते उतरतं. आंबीलच नाही, ताक, वरण, सगळं. चिमीचा बाप शिवराज पुढं आला, “म्हंजे विष?” मी हो म्हणाले. असं एका शब्दात कुणी कबूल केलं तर माणसं आरडाओरडा करत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

अक्का हळू बोलल्या. त्यांना हळू बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं.

“कवापासून?”

“श्रावणापासून. तुझी पहिलीच खेप.”

“तुला कवा कळलं?”

“काल.”

“काल कवा?”

मी खाली ठेवलेला पेला उगाच आणखी बाजूला सरकवला.

“खाला, काल कवा?”

“तुला फोन केला त्याच्या आधी.”

अक्कांनी वळून चिमीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “रातच्याला तिनं अजून दोन वाट्या खाल्ल्या.” एवढंच. एक शिवी नाही. शिवी दिली असती तर मला रडता आलं असतं.

शिवराजनं घागर उचलली आणि बांधाशी ओतायला निघाला. मी धावले, “पिकात नको! बैलासमोर नको!” मग रस्त्याकडेला, विहिरीपासून दूर, दोघांनी खड्डा खणला आणि ती आंबील त्यात ओतून माती लोटली. देवाला दाखवलेला नैवेद्य खड्ड्यात जाताना बायांनी तोंडं फिरवली. पाहुणे उंडे-भज्जी खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. “लातूरच्या डॉक्टरकडं चाललोय. तू चल. तुझ्या तोंडानं सांग.”

लहान मुलांची डॉक्टरीण तरुण होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं माझं ऐकून घेतलं, चिमीचे डोळे, हिरड्या, नखं बघितली आणि मग अक्कांना प्रश्न विचारायला लागली. घरात जुन्या बॅटऱ्या फोडता? नाही. भिंतीचे पोपडे खाते, रंग किती जुना? आजेसासऱ्यांच्या वेळचा. हळद कुठली? सुट्टी, लई पिवळी येते ती. डॉक्टरीण म्हणाली, लई पिवळी असेल तर तिच्यावर भरवसा नको, गाठी आणून दळा. कपाळाला काय लावता? माहूरहून येताना घेतलेल्या पुडीतला शेंदूर, रोज. डॉक्टरीण म्हणाली, शेंदूर म्हणजेच शिसं, देवाला वाहा, पोराला नको. तेव्हा मला माझ्या आजीचं बोलणं आठवलं, की गवयाचा गळा घालवायचा असेल तर त्याला शेंदूर खाऊ घालतात. म्हणजे जुन्या माणसांना माहीत होतं. माहीत असून आम्ही तो पोरांच्या कपाळी थापत आलो.

अक्कांचा चेहरा प्रत्येक प्रश्नाला उतरत होता. आणि मी, सांगायला लाज वाटते, प्रत्येक प्रश्नाला थोडी हलकी होत होते. पोपड्याचा थोडा दोष, हळदीचा थोडा, शेंदराचा थोडा. माझ्या वाट्याला कमी. डॉक्टरणीला ते दिसलं की काय, तिनं एकदम माझ्याकडं बघितलं.

“आजी, डोळ्यांत हा सुरमा कुठला?”

“उरुसातला.”

“तो पुसा. पोरांना घालू नका. आणि तुमचंही रक्त द्या.”

रक्त दूरच्या मोठ्या शहरात पाठवलं. आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी घरातल्या प्रत्येक वस्तूला संशयानं बघत होते. नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचा पिवळा रंग. नळाची तोटी. माझं स्वतःचं ताकाचं पातेलं, ज्याच्यात मी हौसेनं चार महिने कढी केली होती. भट्टीजवळची धूळ, जिच्यातून माझी माणसं अनवाणी आत येत होती. चपला दाराबाहेर, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, फडकं ओलं करूनच पुसायचं, जेवायच्या आधी पोरांचे हात साबणानं. हे सगळं तेव्हा सुरू केलं ते आजतागायत आहे. सून म्हणते, अम्मी, तुम्ही घराचा दवाखाना केला.

चिमीच्या रक्तात शिसं निघालं, चालतं त्याहून बरंच वर. माझ्या रक्तात तिच्याहून जास्त. आकडे लिहीत नाही, आकड्यांनी माणूस उगाच शहाणा होतो. डॉक्टरीण म्हणाली, इंजेक्शनं द्यावीत इतकं नाही. शिसं येणं बंद करा, लोहाचं औषध, दूध, नाचणी, पालेभाजी, वेळेवर जेवण, रिकाम्या पोटी शिसं जास्त लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त. उतरेल हळूहळू.

“मग पोरगी बरी होईल ना?” अक्कांनी विचारलं.

“रक्तातलं उतरेल. पोट दुखायचं थांबेल. पण लहान पोरांच्या डोक्यावर जो परिणाम होतो तो रक्तात दिसत नाही. पुढं शाळेत गेल्यावर कदाचित कळेल. कदाचित कधीच कळणार नाही. कारण ती एरवी कशी झाली असती, हे आपल्याला कुठं माहीत आहे?”

मी नांदेडला गेले. त्या व्यापाऱ्यासमोर ती मुकी कांडी ठेवली. त्यानं ती हातात घेऊनही बघितली नाही. “खाला, सगळे हेच नेतात. तुम्ही विचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई.” त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मलाही कुणी विचारलं नव्हतं. त्याचा माल मी त्या दिवशी सोडला. मग महिनाभर लातूर, औसा, रेणापूर, पार मुखेडपर्यंत दारोदार गेले, भांडी परत मागत. कुणी हसलं, “खाला, एवढ्यानं काय होतंय!” कुणी दारातून हाकललं. एका आजोबांनी सांगितलं, आमची आई अशाच भांड्यांत जेवून नव्वद वर्षं जगली, आणि परात द्यायला नकार दिला. त्या परातीची कल्हई मी त्यांच्या डोळ्यांदेखत वाळूनं घासून उतरवली आणि मगच उठले. अंगणवाडीच्या बाईंनी पातेलं त्या दिवशीच बंद केलं, पोरांचं रक्त तपासायला लावलं. तीन भांडी मला सापडली नाहीत. सौ. कां. कोण, हे अजून कळलेलं नाही. तुम्ही वाचत असाल तर बाई, ताक त्यात ठेवू नका.

पुढं पाच वर्षं मी कल्हई केली, कांडी गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकवूनच. ज्याला ऐकायला वेळ नाही त्याचं भांडं घेतलं नाही. मग दम लागायला लागला, भट्टी बंद केली. कल्हई करायची असेल त्यांनी एवढं करा: कारागिराला कांडी वाकवायला लावा, कागदावर ओढून बघा. चिडला तर दुसरा शोधा.

अक्का दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी येळवसला फोन आला. “ये. बिंदगी हाय मातीची.” मी गेले. चिमी पहिलीत गेली होती, गाल भरले होते, पोपडे खायचे बंद झाले होते. तिनं मला ओळखलं नाही. मी खूप वेळ तिच्याकडे बघत बसले. ती बोरं मोजत होती. सात, आठ, अकरा, नऊ. मी तिथून उठले.

चिमी आता सातवीत आहे. तोंडाळ आहे, पळण्यात पहिली येते, चित्रं छान काढते. गणितात नापास होता होता वाचते. दर उन्हाळ्यात निकाल लागला की मी औशाला फोन करते. अक्कांना ठाऊक आहे मी का करते. यंदाही केला.

“गणितात?” मी विचारलं.

“काठावर.” मग म्हणाल्या, “तू जीवाला लावून घेऊ नको गं. तिचा बाप तर तीनदा नापास झालता. आमच्या शिवराजला अजून बेरीज येत न्हाई, दुकानात मीच बसते.”

मी विचारलं, “खरं सांगती, का मला बरं वाटावं म्हणून?”

दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज नमाज झाली की मी हात पसरते, घरच्यांसाठी मागायचं ते मागते, आणि सगळ्यात शेवटी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, एक दुवा मागते. या अल्ला, तो शिवराज जन्मापासूनच ढ असू दे.